रूपीबाईची बरणी

बाहेरून कडी पडली तेव्हा रूपीबाई बरणीत नाक घालून उभी होती. त्यामुळे तो आवाज तिच्यापर्यंत पोचायला जरा वेळच लागला.

"बकऱ्या घुसतस, कडी लावनीच पडस," असं स्वतःशी बडबडत भिला निघालाही. भिला हा चर्चचा राखणदार. मूळचा कळसाडीकडचा, कानाने अर्धा. आणि उरलेला अर्धा कान त्याने बकऱ्यांसाठी राखून ठेवलेला.

"ए भिला! मी आत आहे रे!" रूपीबाईने दारावर थापा मारल्या. सामानाच्या खोलीचं ते सागवानी दार भिंतीपेक्षा जाड. भिलाने म्हणे जाता जाता एकदा मागे वळून पाहिलं, "वारा सुटना," असं म्हटलं आणि चुन्याची बादली उचलून तो टेकडी उतरला.

चर्च टेकडीवर, कबरस्तान खाली नाल्याकाठी. दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, म्हणून सगळी मंडळी आपापल्या माणसांच्या कबरी चुन्याने सफेद करायला खाली गेलेली. नाल्यापलीकडे गुजरात, म्हणजे दारूबंदी. अलीकडे नवापूर तालुका, म्हणजे ज्याची त्याची मर्जी. त्या नाल्यातून पाण्यापेक्षा मर्जीच जास्त वाहते, असं म्हातारे सांगत. टेकडीवर आता चिटपाखरू नव्हतं. खोलीवर पत्रा होता, आणि त्या दिवसांत तो असा तापायचा की कोंबडीने वर अंडं घातलं तर घरंगळत खाली येईस्तोवर ते उकडलेलं असायचं. खोलीत पाण्याचा थेंब नव्हता.

बरणीत मात्र उद्याच्या प्रभुभोजनाचा रस होता. निदान असायला हवा होता.

त्या मंडळीत मेजावरचा, म्हणजे प्रभुभोजनाचा, रस बाजारातून येत नसे. रूपीबाई तो घरी करायची; तिच्याआधी तिची सासू करायची. द्राक्षं कुस्करायची, गाळायची, लगेच उकळायची. आणि मेजाच्या आदल्या दिवशी करणारणीने बिनमिठाच्या पोळीच्या तुकड्याबरोबर रस चाखायचा, हा सासूने घालून दिलेला नेम. उद्या लहानमोठ्यांच्या ओठाला जे लागणार, ते आज आपल्या जिभेवरून गेलं पाहिजे. एवढा एक मान रूपीबाईच्या आयुष्यात होता. बाकी मजुरी होती, नागलीचं शेत होतं आणि दावीद होता. दावीद म्हणजे नवरा. महुड्याच्या दारूने त्याला नाल्याकाठी नेऊन निजवलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

या वर्षीचा रस वेगळा होता. द्राक्षं जोएलने आणली होती.

जोएल तिचा धाकटा. बापाचा गळा घेऊन आला आणि बापाची तहानही. दारूपायी मंडळीने त्याला मेजाबाहेर ठेवलं होतं. मेजाबाहेर म्हणजे गाणी गा, प्रार्थना कर, पण भाकर आणि पेला फिरायला लागला की उठून दाराजवळच्या बाकावर जाऊन बस. त्या बाकावरून सगळ्या गावाच्या पाठी दिसतात, चेहरा एकाचाही दिसत नाही. जोएल तिथे इतकी वर्षं बसला की लाकडाला त्याच्या बैठकीचा खळगा पडलाय, असं पोरं म्हणत. आणि ते फार खोटंही नव्हतं.

मग एक दिवस त्याने सोडली. पाळक दानियलसाहेब म्हणाले, ईस्टरपर्यंत असाच राहा, पेला मी स्वतः तुझ्या हातात देईन. हिवाळ्यात तो मजुरीला नाशिककडे गेला, तर काम मिळालं ते नेमकं वाइनच्या द्राक्षमळ्यात. सोडलेल्या माणसाने गुत्त्याच्याच अंगणात झाडू मारावा, तसला प्रकार. पण जोएल कोरडा गेला आणि कोरडाच परत आला. येताना एक क्रेट द्राक्षं घेऊन आला. बारीक, काळी, जाड सालीची. गर कमी आणि बियाच जास्त.

"आई, या वर्षी रस याचाच कर," तो म्हणाला होता. "जे मला पाडणार होतं, त्याचाच पेला मेजावर घेईन."

रूपीबाईने त्याच संध्याकाळी द्राक्षं कुस्करून या खोलीतल्या रात्रीच्या गारव्याला, चिनी मातीच्या मोठ्या बरणीत ठेवली. सकाळी गाळून उकळू म्हणाली. सकाळी व्याऱ्याहून फोन आला: बहीण पडली, खुबा मोडला. रूपीबाई हातातलं टाकून गेली ती पंधरवड्याने, काल परतली. आणि तो रस सालीबियांसकट, न उकळलेला, त्या खोलीत एकटा राहिला. एकट्या राहिलेल्या तरण्या जिवाचं जे होतं, तेच त्याचंही झालं.

तिने लुगड्याच्या धुतलेल्या फडक्यातून डब्याच्या झाकणात थोडा गाळला. रंग जांभळाचा, पण इतका दाट की झाकणाचा तळ दिसेना. बिनमिठाच्या पोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि वर घोट घेतला.

जीभ अशी आवळली जणू कच्चं टेंभुर्ण चावलं. मग ती हळूहळू सुटली. आधी जांभूळ आलं, मग पाणी पाजलेल्या काळ्या मातीचा वास, मग तंबाखूच्या वाळत्या पानांचा. आणि शेवटी घशातून एक ऊब खाली उतरली. ती मात्र लग्नाआधीच्या होळीपासून ओळखीची होती.

"मेले," रूपीबाई म्हणाली आणि तांदळाच्या गोणीवर बसली.

तिने विचार करून पाहिला. सांगावं, तर मंडळी काय म्हणणार? जोएलने दारूच्या मळ्यातून द्राक्षं आणली आणि दारूच निघाली. कार्यकारिणीतली प्रिस्किला तर वाटच बघत होती. सुरतेहून रसाच्या बंद बाटल्या मागवा, हे तिचं कधीचं टुमणं. न सांगावं, तर उद्या हा पेला सगळ्यांच्या हातात जाणार. पहिला जोएलच्या. एवढ्या वर्षांनी त्याच्या जिभेला पहिला थेंब लागणार तो मेजावर, पाळकाच्या हातून, आईच्या हातचा. ओतून द्यावं, तर सकाळी रिकामी बरणी दाखवून काय सांगणार? तिने पुन्हा दारावर थापा मारल्या. खालून नुसता बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता. दार बंद होतं आणि डोक्यातली दारंही एकेक करून बंद होत होती.

ऊन पत्र्यावर चढलं. तहान अशी लागली की जीभ टाळूला शिवल्यासारखी झाली. गोण्यांमध्ये पाणी नव्हतं, कांद्यांत नव्हतं, खिडकीच्या गजांबाहेर नव्हतं. ओलं असं एकच होतं.

"चाखायचं तर आहेच," ती स्वतःला म्हणाली. ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून लगेच पटलं.

नुसता रस पोटात टोचू लागला, तेव्हा तिने उद्याच्या प्रीतिभोजनाचं सामान धुंडाळलं. सुक्या बोंबलाचं टोक मोडून तोंडात टाकलं आणि घोट घेतला. जुनी विळी चाटल्यासारखं सगळ्या तोंडात लोखंड पसरलं. थू थू करत तिने गुळाच्या ढेपेचा खडा फोडला. गुळाशेजारी रस एकदम चिडखोर झाला, आंबट तोंडाच्या पाहुण्यासारखा. गोडाची तारीफ त्याला सोसवेना. कांद्याशी तर त्याचं उभं भांडणच झालं. शेवटी तिने आपला डबा उघडला. जोएलच्या बायकोने, एस्तेरने, नागलीची भाकर आणि सकाळी कापलेल्या बोकडाचं मटण दिलं होतं. काळ्या मसाल्यात, त्याच्याच चरबीत तळलेलं.

चरबीचा तुकडा चावला, वर घोट घेतला, आणि रूपीबाई थांबली.

आवळणारी जीभ आता आवळेना. चरबीने रसाला धरलं, रसाने चरबीला धुतलं. काळ्या मसाल्यातल्या जळक्या खोबऱ्याला आत कुठेतरी जांभूळ सापडलं. दोघं एकमेकांना वाट देत घशाखाली उतरले, जशी जुनी माणसं अरुंद बांधावर एकमेकांना वाट देतात. तिने परत करून पाहिलं. परत तसंच झालं. मटणाने घोट मागावा, घोटाने मटण. भाकरीचा तुकडा मध्ये घातला की दोघं जरा दम घेत आणि पुन्हा सुरू होत.

"हे होय तुझं, दावीद," ती मोठ्याने म्हणाली.

दावीद पिऊन यायचा आणि तळलेलं मटण मागायचा. घरात असेल तर ती ताट आपटून वाढायची, नसेल तर ताटच आपटायची. "चाखून तर बघ, रूपी," तो म्हणायचा. "थू," ती म्हणायची आणि खरोखरच थुंकायची. हेच तिने पुढे जोएललाही शिकवलं होतं. तो कण्हत, थरथरत अंगणात पडलेला असायचा आणि ती वर उभी राहून म्हणायची, "थुंकून टाकायची चीज ती! सोडायला एवढा कसला जोर लागतो रे तुला?"

आता तिने एक मोठा घोट तोंडात धरला आणि स्वतःला बजावलं, थुंक, रूपी. कोपऱ्यात मोरी होती, तोंड होतं, बळ होतं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली, गाल फुगवून, मोरीकडे बघत.

मग गिळला.

गोणीवर परत येऊन बसली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पिण्याचं पाणी मिळेना आणि हे मिळालं.

"आई? आत आहेस का?" बाहेर जोएलचा आवाज. "सगळ्या कबरी झाल्या, बाची तेवढी राहिली. तुझ्याशिवाय चुना लावू की नको?"

कडी खडखडली.

"उघडू नको!"

"का? कपडे बदलतेस?"

"या वयात चर्चमध्ये कपडे बदलू? उघडू नको म्हटलं ना. खिडकीकडेही येऊ नको. वारा येतो त्या अंगाला उभा राहा."

जोएलने पाऊल उचललं. पण पत्र्याच्या फटीतून वास त्याच्यापर्यंत आधीच पोचला होता. असल्या वासाला तो गावातल्या कुणापेक्षाही आधी भेटायचा.

"आई," तो हळूच म्हणाला, "ती माझी द्राक्षं ना?"

"हो."

"उकळली नव्हतीस?"

"नाही रे. तुझी मावशी पडली आणि मी धावले."

"प्यालीस?"

"चव घेतली."

"किती चव घेतली?"

"पोट भरेस्तोवर."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी तो असा हसला होता. दारालासुद्धा बरं वाटलं असेल. मग हसू तुटलं, आणि तिला कडीचा बारीक खडखडाट ऐकू आला. दार कोणी उघडत नव्हतं. कडी धरलेला हात थरथरत होता.

"जोएल, कडीवरचा हात काढ."

"काढतोय."

खडखडाट चालूच.

"जोएल."

"काढतोय ना, आई."

रूपीबाईने आतून दाराला पाठ लावली. तिच्या वजनाने ते दार काही राहणार नव्हतं, पण तिच्याकडे तेवढंच होतं. "मला सांग," ती म्हणाली, "त्या मळ्यावरचे साहेब लोक कसे पितात?"

"आता हे काय?"

"सांग म्हणते ना."

"आधी पेला गोल गोल फिरवतात," जोएलचा आवाज सुकलेला होता. "मग नाक घालतात. मग घोट घेऊन तोंडात खळखळवतात. आणि थुंकतात."

"थुंकतात?"

"बादलीत. बादली ठेवलेली असते त्यासाठी."

"एवढं विकत घेऊन?"

"चव कळण्यासाठी म्हणतात. काही थुंकतात, काही गिळतात. मी द्राक्षं वाहायचो, बघायचो, नाकाला टॉवेल बांधायचो. कशासोबत प्यावी त्याचा फळा लावलेला असतो तिथे."

"मटणासोबत," रूपीबाई म्हणाली. "चरबीच्या. बोंबलासोबत नाही."

"आई!"

"ऐक." तिने डोकं दाराला टेकवलं. "मी तुला म्हणायचे ना, थुंकून टाक, कसला जोर लागतो? आज मी मोरीवर उभी राहिले तोंडात घेऊन. नाही रे थुंकवलं."

बाहेर कडी तशीच खडखडत होती.

"जोएल?"

"ऐकतोय."

"तू कशी सोडलीस रे?"

कडीचा खडखडाट थांबला.

"आता मी ओतते," ती म्हणाली. "मोरी मागच्या अंगाला निघते. तू पुढे राहा, तीन दगड मांड, चूल पेटव. खिडकीतून मनुका देते; गोड भाताच्या आहेत, पण भात उद्या कमी गोड झाला तर कोणी मरत नाही. बुडतील एवढं पाणी घाल, फुगू दे, मग कुस्कर, गाळ आणि मरेस्तोवर उकळ. ऐकलंस? मरेस्तोवर."

"मी? रस मी करू?"

"मग काय, प्रिस्किला करणार?"

खिडकीच्या गजांतून मनुकांची पुडी बाहेर गेली. काळ्या, चुन्याने माखलेल्या हाताने ती घेतली. मग रूपीबाईने बरणी कवेत घेतली आणि मोरीत वाकवली. गळ्याशी येऊन रस क्षणभर अडला, मग धो धो सुटला. मागच्या अंगाला भिलाच्या बकऱ्या होत्या. त्यातली एक करडी मोरीच्या तोंडाला लागली ती सुटेना. त्या दिवशी ती चर्चच्या पायरीवर मागच्या दोन पायांवर उभी राहून संध्याकाळपर्यंत गुजरातकडे बघत होती, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मोरीजवळच्या सीताफळाला पुढे जांभळट गर आला असंही सांगतात. ते पाहिलेला माणूस अजून भेटायचा आहे.

मनुका फुगून, गाळून, चुलीवर रस उकळायला लागला तेव्हा मंडळी वर आली. पुढे पाळकसाहेब, मागे बादल्या घेतलेल्या बाया, सगळ्यांत शेवटी भिला. प्रिस्किलाने चर्चच्या आवारात पाऊल टाकलं आणि पदर नाकाला लावला.

"पाळकसाहेब, वास येतोय का?"

सगळ्यांच्या नजरा चुलीपाशी बसलेल्या जोएलवर गेल्या. नजरांना वळायला कधी वेळ लागत नाही.

"तरी मी म्हणत होते," प्रिस्किला म्हणाली. "दारूच्या मळ्यातली द्राक्षं. आता मेजाच्या आदल्या दिवशी..."

जोएल उठला. हातातली काठी चुलीत टाकली. बंद दाराकडे त्याने एकदा पाहिलं. "हो," तो म्हणाला, "माझ्यामुळेच..."

आतून दारावर डबा आपटला. असा आपटला की भिलालासुद्धा ऐकू आला.

"पाळकसाहेब! आधी मला बाहेर काढा, मग काय विचारायचं ते विचारा!"

भिलाचा जबडा खाली आला. "रूपीमाय? माले काय मालूम तू मजार शे! मी तं बकरी समजनू!"

दार उघडलं. रूपीबाई उंबऱ्यात उभी होती. पदर डोक्यावर, हातात डबा, चौकटीला खांदा टेकवून. गाल पिकल्या जांभळासारखे.

"द्राक्षं याने आणली, पण उकळायची मी विसरले," ती म्हणाली. "चूक माझी. बिघडलेलं सगळं मोरीत गेलं. याच्या जिभेला थेंब लागला नाही. मी प्याले."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला. भला माणूस. "रूपीबाई," ते म्हणाले, "दार बाहेरून बंद होतं. ऊन होतं. पाणी नव्हतं. नाइलाज झाला, तहानेपोटी घेतलं, असंच ना? मग त्याला पिणं म्हणत नाहीत."

वाट उघडी होती. रूपीबाईला फक्त मान हलवायची होती. तिने जोएलकडे पाहिलं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, लहानपणी बघायचा तसा.

"पहिला घोट तहानेने घेतला, साहेब," ती म्हणाली. "बाकीचे मटणासोबत."

बादल्या घेतलेल्या बायांमध्ये कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं.

"नियम आहे," प्रिस्किला म्हणाली, पण तिचाही आवाज जरा उतरला होता. "सगळ्यांना एकच."

"एकच," रूपीबाई म्हणाली. "मी कुठे दोन मागतेय? रस चुलीवर आहे. करणाऱ्याने चाखायचा असतो, जोएल. पोळीच्या तुकड्याबरोबर. चाख."

रविवारी चर्च असं भरलं की गाणं सुरू झाल्यावर पत्रे बोटभर वर उचलले गेले. गाणी झाली, उपदेश झाला, मेजावरचं पांढरं कापड बाजूला झालं. रूपीबाई बायकांच्या रांगेतून उठली. लुगड्याचा काठ सावरत, कोणाच्या पायावर पाय पडणार नाही अशा बेताने मागे आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली. खळगा होताच. ती जरा सरकली आणि त्यात बरोबर मावली.

इथून सगळ्या पाठी दिसत होत्या. एस्तेरची, नव्या पदराखाली ताठ झालेली. प्रिस्किलाची. आणि पुढे, मेजाजवळ, एक रुंद पाठ. घामाने शर्ट चिकटलेली. पाळकसाहेबांचा हात पुढे आला. त्या पाठीचा उजवा कोपर वर गेला, तिथेच थोडा थांबला. मग कोपर खाली आला.

तिच्या मागे दार करकरलं. भिलाची करडी बकरी फटीतून डोकं घालून आत बघत होती. रूपीबाईने पायानेच तिला हळू बाहेर लोटलं आणि दार ओढून घेतलं. कडी लावली नाही.